'एपिटोम' म्हणणाऱ्या मुलाला हसण्याचा अधिकार कोणाचा?

नांदेड-लातूर मार्गावरील अहमदपूर हे तसे शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे गाव. परंतु आज तेथील मुख्य रस्त्यावरून फेरफटका मारला तर आडतीच्या पाट्यांइतकीच गर्दी 'स्पोकन इंग्लिश', 'फाउंडेशन' आणि 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट' या फलकांची आढळते. लातूरच्या शैक्षणिक कीर्तीची सावली या तालुक्यावर पडलेली असल्याने पालकांची महत्त्वाकांक्षा मोठी, आणि त्या महत्त्वाकांक्षेवर पोसली जाणारी दुकानेही मोठी. उदगीर, मुखेड, कंधार, देगलूर येथेही चित्र वेगळे नाही.

या वर्गांतून मुलांच्या हाती जी छापील वही पडते, तिच्याकडे समाजाने एकदा नीट पाहावे. पानावर तीन रकाने असतात. डावीकडे एखादा दुर्मीळ इंग्रजी शब्द, मध्ये त्याचा देवनागरीत लिहिलेला उच्चार आणि उजवीकडे मराठी अर्थ. रोज दहा शब्द पाठ करावयाचे, दुसऱ्या दिवशी उभे राहून म्हणून दाखवावयाचे. 'हायपर्बली' म्हणजे अतिशयोक्ती. 'व्हिटल्स' म्हणजे शिधा. 'अराय' म्हणजे वाकडे, बिघडलेले. 'रॉन्डेव्हू' म्हणजे भेटीसाठी ठरविलेले ठिकाण, ज्याला मराठीत 'संकेतस्थळ' असा सुंदर शब्द पूर्वीपासून आहे. (संगणकाच्या युगात तो वेगळ्याच कामाला जुंपला गेला, ही गोष्ट निराळी.) सातवीतील एखादा मुलगा अक्षरांवर विश्वास ठेवून 'एपिटोम' असे वाचतो. वर्ग हसतो. शिक्षक 'इपिटमी' अशी दुरुस्ती करतात, तेही किंचित हसतात, आणि तो मुलगा त्यानंतर कित्येक दिवस तोंड उघडत नाही. घरी बापाला वाटते, मुलगा इंग्रजीत कच्चा आहे. आणखी एक शिकवणी लावली पाहिजे.

त्या मुलाने कोणता अपराध केला? त्याने जे लिहिले होते तेच वाचले. ज्या भाषेत लिहिलेले वाचणे हा अपराध ठरतो, त्या भाषेच्या लेखनाची चौकशी व्हावयास नको काय?

ती चौकशी केली तर मोठी मौज आढळते. इंग्लंडात कॅक्स्टनने १४७६ मध्ये मुद्रणालय काढले. शब्दांची अक्षरे हळूहळू गोठू लागली, आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजांच्या बोलण्यातील दीर्घ स्वर आपली जागा सोडून सरकत होते. लेखन एका शतकातले, उच्चार दुसऱ्या शतकातला, असा हा संसार आहे. त्यात विद्वानांनी भर घातली. 'डेट' म्हणजे कर्ज, या शब्दात 'बी' हे अक्षर मुळात नव्हते. लॅटिन भाषेशी नाते दाखविण्याच्या हौसेने पंडितांनी ते मध्ये घुसविले; लोकांनी ते कधीच उच्चारले नाही. 'रिसीट'मधल्या 'पी'ची कथा तीच. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आलेला आहे. 'कर्नल' हा शब्द फ्रेंचांकडून 'र'कारासह आला, पुढे त्याचे लेखन इटालियन वळणावर 'ल'कार घालून बदलले गेले, उच्चार मात्र जुनाच राहिला. 'ओ, यू, जी, एच' ही चार अक्षरे 'दो', 'थ्रू', 'कॉफ', 'रफ', 'बाउ' आणि 'थॉट' या सहा शब्दांत सहा प्रकारे वागतात. याला नियम म्हणत नाहीत. बर्नार्ड शॉसारखा इंग्रजीचा दिग्गज नाटककार या अव्यवस्थेला इतका कंटाळला होता की त्याने मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसा ठेवला; त्या लिपीत त्याचे एक नाटक १९६२ मध्ये छापलेही गेले.

इंग्रजांना तरी स्वतःचे शब्द नीट उच्चारता येत होते काय? बीबीसीने १९२६ मध्ये बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीविषयी एक सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष होते आणि त्यांच्यानंतर ती जबाबदारी शॉकडे आली. निवेदकांनी कोणता शब्द कसा उच्चारावा हे ठरविणे, हे तिचे काम. म्हणजे जे काम आज अहमदपुरातील वही करते, ते करण्यासाठी लंडनमध्ये कवी आणि विद्वान एकत्र बसत आणि त्यांचेही एकमत होत नसे. महायुद्ध सुरू झाले आणि समितीचे काम थांबले. अटलांटिकपलीकडचा अमेरिकन माणूस 'लेफ्टनंट'ला 'ल्यूटेनंट' आणि 'शेड्यूल'ला 'स्केज्यूल' म्हणतो आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागत नाही. मग मराठवाड्यातील मुलानेच का मागावी?

उच्चारावरून माणसाची पायरी ठरविणे हा इंग्लंडचा जुना सामाजिक रोग आहे. १९५४ मध्ये ॲलन रॉस नावाच्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने उच्चवर्गीय आणि इतर यांच्या बोलीतील भेद शास्त्रीय निबंधात मांडले. कोणता शब्द वापरला आणि तो कसा उच्चारला यावरून तेथे माणसाचे कूळ ओळखले जाई. शॉचे 'पिग्मॅलियन' हे नाटक याच रोगावर आहे. पु. ल. देशपांडे यांनी त्याचे 'ती फुलराणी' केले, ते १९७५ मध्ये रंगभूमीवर आले आणि मराठी प्रेक्षकाने त्याला डोक्यावर घेतले. परंतु त्या नाटकातील टीका आपल्यालाही लागू आहे हे किती जणांच्या ध्यानात आले? मराठवाड्यातून पुण्याला शिकावयास गेलेल्या मुलांच्या बोलीला नाके मुरडणारी मंडळी आपल्यातच होती आणि आहेत. इंग्रजी उच्चाराची ही नवी सोवळेशाही जुन्या सवयीवरच पोसली आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इंग्लंडातून तो रोग आता ओसरत चालला आहे. प्रादेशिक बोलीतले निवेदक तेथे राष्ट्रीय वाहिन्यांवरून बातम्या देतात. साहेबाने टाकून दिलेला कोट आपण मात्र इस्त्री करून अंगावर घालत आहोत.

आणि ज्यांनी जगाला उच्चारशास्त्र दिले, त्यांच्या वंशजांनी हे करावे, यासारखी विटंबना दुसरी नाही. जिभेचे स्थान, श्वासाचा प्रयत्न, घोष आणि अघोष, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, हा विचार शिक्षाग्रंथांत आणि प्रातिशाख्यांत होता, तेव्हा युरोपला अक्षर आणि ध्वनी यांतला भेदही धड उमगलेला नव्हता. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृतची थोरवी सांगितली, व्हिटने या अमेरिकन पंडिताने १८६२ मध्ये अथर्ववेदाचे प्रातिशाख्य भाषांतरासह प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राला पाया मिळाला. हे ऋण आपले अभिमानी लोकच सांगतात असे नाही. फर्थ आणि ॲलन या विसाव्या शतकातील इंग्रज भाषाशास्त्रज्ञांनी ते स्वच्छ शब्दांत मान्य केले आहे.

हा अभिमान नुसता मिरवावयाचा नसून वापरावयाचा आहे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचा घोळ मुले आयुष्यभर घालतात. पहिला दंतोष्ठ्य, म्हणजे वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. दुसरा केवळ ओठांचा चंबू करून. आपल्या शास्त्राच्या भाषेत हे सांगावयास एक मिनिट पुरते. इंग्रजीतला 'थ' हा आपला 'थ' नव्हे, जीभ दातांच्या मध्ये आणून हवा घासत सोडली की तो येतो. याहून महत्त्वाचा मुद्दा आघाताचा. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असताना आघात पहिल्या अवयवावर असतो आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर. वहीतला मधला रकाना हे दाखवूच शकत नाही. त्यामुळे अडीचशे शब्द पाठ करूनही मुलाचे बोलणे इंग्रजाला कळत नाही ते नाहीच. ज्याने थोडे ध्वनिशास्त्र शिकविले त्याला याद्यांची गरज उरत नाही, आणि जो याद्या विकतो त्याला ध्वनिशास्त्र शिकविणे परवडत नाही. (आपली लिपीही सर्वस्वी निर्दोष आहे असा दावा कोणी करू नये. 'चार'मधला 'च' आणि 'चमचा'मधला 'च' एकाच अक्षराने लिहिले जातात, आणि परप्रांतीय माणूस तेथे हमखास फसतो. आपण त्याला हसत नाही, कौतुकाने सांगतो.)

खरा घात मात्र तिसऱ्या रकान्यात आहे. 'युबिक्विटस' म्हणजे सर्वव्यापी, असे तेथे छापलेले असते. ज्या मुलाने आजीच्या मांडीवर बसून कीर्तन ऐकले, हरिनाम सप्ताहात किंवा शिवनाम सप्ताहात ज्याची रात्र गेली, त्याला 'सर्वव्यापी' या शब्दाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. त्या अर्थाच्या आधाराने त्याच्या मनात इंग्रजी शब्द रुजतो. परंतु बालवर्गापासून इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलाला 'सर्वव्यापी' हा शब्दच परका. त्याला 'शिधा' ठाऊक नाही, 'अतिशयोक्ती' हा अलंकार ठाऊक नाही. एका न कळलेल्या ध्वनीचा अर्थ म्हणून दुसरा न कळलेला ध्वनी तो पाठ करतो. वेळ अमावस्येला, येथल्या भाषेत येळवशीला, तो शेतात भज्जी आणि आंबील चाखतो खरा, पण तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणे म्हणजे काय हे विचारले तर आईच्या तोंडाकडे पाहतो. दोन्ही भाषांत शब्द पुष्कळ आणि अर्थ कोठेच नाही, अशी ही पिढी घडत आहे. अर्थ मातृभाषेतून येतो. तो झरा आटवून इंग्रजीचे मळे फुलविण्याचा हा उद्योग आहे.

इंग्रज मात्र आपले शब्द नेताना असा लाजला नाही. मराठीतील मुंगूस त्याच्या कोशात 'मॉन्गूस' होऊन बसले. डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून 'डंगरी' आली. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून त्याने 'जगरनॉट' केले, आणि आमच्या आराध्याचे नाव चिरडून टाकणाऱ्या आंधळ्या शक्तीसाठी वापरले. पुण्याचे 'पूना', खडकीचे 'किरकी', शीवचे 'सायन' झाले. दीड-दोनशे वर्षे त्याने आमच्या गावांची नावे मोडकी उच्चारली आणि आम्हीही ती तशीच लिहिली. मुंबईचे नाव कागदोपत्री मुंबई होण्यास १९९५ साल उजाडावे लागले.

मराठवाड्याला तर या दुखण्याचा दुहेरी अनुभव आहे. अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. निजामी राजवटीत दरबाराची, कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. प्रजा मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी आणि सत्ता तिच्याशी तिसऱ्याच भाषेत बोलणार! कागद वाचता येत नाही म्हणून मान खाली घालणारा शेतकरी या मातीने पिढ्यानुपिढ्या पाहिला. उर्दू ही भाषा वाईट नव्हती. लादणे वाईट होते. म्हणून हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली, अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांनी विद्यार्थी घडविले. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानियातील विद्यार्थ्यांना बाहेर काढले गेले आणि त्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. १७ सप्टेंबर १९४८ या दिवशी हा प्रदेश मुक्त झाला. त्या मुक्तीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीने पुन्हा परभाषेपुढे मान खाली घालावी, आणि तीही कोणी सक्ती केली नसताना, पदरचे पैसे मोजून!

याचा अर्थ इंग्रजी टाकावी असा नाही. निबंधमालाकार चिपळूणकरांना इंग्रजीचे वावडे नव्हते. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा मान त्यांच्याच नावावर सांगितला जातो. सावरकरांनी इंग्रजीत वाद घातले आणि मराठीला 'दिनांक', 'महापौर', 'दिग्दर्शक' असे शब्द दिले. त्यांच्या भाषाशुद्धीची त्या वेळी किती टवाळी झाली, आणि टवाळी करणाऱ्यांचे नातू आज तेच शब्द किती सहज वापरतात! डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईच्या नगरपालिकेच्या शाळेत मराठीत शिकले आणि १९९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 'परम' महासंगणक उभा करणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील खेड्यातून आले. त्यांना कोणी बालपणी दहा-दहा दुर्मीळ शब्द पाठ करावयास लावले नव्हते. त्यांनी आधी विषय समजून घेतला, मग इंग्रजी त्यांच्या मागून चालत आली.

यावर तथाकथित पुरोगामी मंडळींचा एक ठरलेला आक्षेप असतो: मराठीचा आग्रह हे सुखवस्तूंचे सोंग आहे, गरिबाच्या मुलाला इंग्रजीच वर काढील. गरिबाच्या मुलाला इंग्रजी मिळालीच पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो त्याला काय मिळते याविषयी. महाराष्ट्रात २००० साली तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी आणली. तिला पंचवीस वर्षे होऊन गेली. इंग्रजी इतक्या लवकर सुरू होऊनही दहावीनंतर 'स्पोकन इंग्लिश'चे फलक वाढतच असतील, तर औषध चुकले की मात्रा, हे त्यांनी सांगावे. 'नीट' ही परीक्षा मराठीतून देता येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर मुलाला इंग्रजी ग्रंथ वाचून समजावा लागतो, आणि ती शक्ती रोज चार पाने वाचून येते. 'व्हिटल्स'चा उच्चार तेथे कोणी विचारीत नाही. गरीब बापाचे पैसे घेऊन मुलाला वाचनाऐवजी भीती विकली जाते, आणि तिला सामाजिक न्याय म्हणावयाचे?

परंतु पुरोगाम्यांना बोल लावून आपली सुटका होत नाही. ज्या घरांत हे साप्ताहिक वाचले जाते त्या घरांचे काय? राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या अखिल भारतीय प्रतिनिधी सभेने २०१५ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे असा ठराव केला आणि २०१८ मध्ये भारतीय भाषांच्या संरक्षण-संवर्धनाचा ठराव केला. दोन्ही ठराव नागपुरात झाले, दोन्ही एकमुखाने वाखाणले गेले. शाखेवर त्यांचे वाचन झाले, बौद्धिके झाली. आणि जूनमध्ये? जूनमध्ये त्याच स्वयंसेवकांची नातवंडे टाय बांधून पिवळ्या बसमध्ये बसली. घरी पाहुणे आले की चिमुरड्याला पुढे करून रंगांची आणि फळांची इंग्रजी नावे म्हणवून घेणारे आजोबा सायंकाळी मेकॉलेवर व्याख्यान देतात. मेकॉलेने १८३५ मध्ये आपले टिपण लिहिले तेव्हा त्याला इंग्रजांसारखा विचार करणारा एक वर्ग हवा होता. तो वर्ग फक्त दिल्लीच्या वातानुकूलित दालनांत राहतो, अशी सोयीची समजूत आपण करून घेतली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा पेढे वाटले गेले. त्या आनंदाची निमंत्रणपत्रिका कोणत्या भाषेत होती, हे ज्याचे त्याने आठवावे.

अहमदपुरासारख्या गावात या बाबतीत करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी शासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. गावात निवृत्त इंग्रजी शिक्षक आहेत, महाविद्यालयांतून प्राध्यापक आहेत. त्यांनी सायंकाळी तासभर मुलांना एकत्र बसवावे आणि एकच सोपे इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घ्यावे. अडलेला शब्द आला की आधी त्याचा मराठी प्रतिशब्द मुलांनाच शोधू द्यावा, त्यावर त्यांना भांडू द्यावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान् पिढ्यांना इंग्रजी शिकविले ते याच वाटेने, मराठीच्या हातात हात घालून. उच्चार चुकला तर जीभ कोठे ठेवावयाची ते दाखवावे. हसणाऱ्याला मात्र उभे करावे आणि 'डेट'मधला 'बी' कोठून आला ते विचारावे.

पालकांनीही वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी चालकाला एवढेच विचारावे की, गेल्या वर्षी येथील मुलांनी पाठ केलेल्या शब्दांपैकी कोणता शब्द त्यांना नंतर एखाद्या पुस्तकात वाचावयास मिळाला, आणि ते पुस्तक कोणते.